थोरल्या बहिणीचं मागणं

प्रिय हाविली,

तिकडे तुवालूत, फुनाफुतीला उकाडा फार आहे, असं आईला फोनवर सांगत होतास म्हणे. इथे टोंगात थंडी पडलीय. आई स्वेटर घालून प्रार्थनेला जाते आणि घरी येऊन तुझ्या नावाने रडते. आपल्या रीतीत थोरल्या बहिणीने आणि धाकट्या भावाने नवरा-बायकोच्या गोष्टी एकमेकांशी बोलायच्या नसतात. आपण एका खोलीत बसून कधी सिनेमासुद्धा पाहिला नाही. मी आत आले की तू उठून बाहेर जायचास. ती मर्यादा मी आजवर पाळली. आता ती तुझ्या सोयीची झालीय, म्हणून लिहिते. वाचताना उठून जाऊ नकोस.

तुझ्या बायकोचा, एलेनोआचा, जखमी अवस्थेतला फोटो इथे पोलीस कचेरीत माझ्याच टेबलावर आला. पाठवणारी तिथली सार्जंट पासेमेता, तुझ्याच हाताखाली शिकलेली. परक्या देशाच्या माणसाने बायकोला मारलं तर त्याच्या देशाच्या पोलिसांना ताबडतोब कळवायचं, हे तिला कुणी शिकवलं? तू! नवरा होडीत बसून दुसऱ्या बेटावर पळाला तरी तिथल्या पोलिसाने त्याला धरलं पाहिजे, बायकोच्या माहेरच्यांनी तक्रार मागे घेतली तरी पोलिसांनी घ्यायची नाही, हे सगळं फळ्यावर लिहून दिलंस आणि घरी जाऊन बायकोचा हात मोडलास. लाज कशी वाटली नाही रे? आपल्या पोलिसांनी विश्वासाने तुला तिथे शिकवायला पाठवलं होतं. मी ते प्रकरण त्याच दिवशी साहेबांकडे सोपवलं, कारण बहिणीने भावाचे कागद हाताळू नयेत. त्यांनी तुला कामावरून दूर केलं, ते योग्यच केलं.

इकडे घरात मात्र वेगळंच चाललंय. सिआओसी मामा रोज येऊन बसतात. "नवरा-बायकोचं भांडण गं, त्यात दोन-दोन देशांचे पोलीस कशाला?" मी म्हटलं, "मामा, शेजाऱ्याने तुमचं डुक्कर मारलं तेव्हा तुम्ही बेटावरची सगळी ठाणी पालथी घातली होतीत. एलेनोआची किंमत डुकराइतकी तरी धरा." तेव्हापासून ते माझ्याकडे पाठ करून चहा पितात. आई चिडत नाही, तेच जास्त त्रासाचं. तिने आजीची बारीक विणीची चटई, लाल पिसांच्या काठाची, पेटीतून काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "वावाऊ बेटावर जा, एलेनोआच्या वडलांसमोर ही अंथरून माफी माग. थोरल्या बहिणीचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ते लेकीला फोन करतील, मग ती कोर्टात तोंड उघडणार नाही. संपलं."

मी गेले. म्हातारा अंगणात भुईभट्टीसाठी कोनफळं सोलत होता. मी चटई अंथरली, गुडघ्यांवर बसले, मान खाली घातली आणि आपल्या घराच्या वतीने माफी मागितली. तो सुरी खाली ठेवून लहान मुलासारखा रडला. चटईवर हात फिरवून म्हणाला, "फुसी, तू स्वतः आलीस. आता सांग, लेकीला गप्प बस म्हणून सांगू?" आईने मला नेमकं यालाच 'हो' म्हणायला पाठवलं होतं. मी म्हटलं, "तिला एवढंच सांगा, की माहेरचं दार उघडं आहे. बाकी तिचं तिला ठरवू द्या." आजीने ती चटई माफी मागायला विणली होती रे, बाईच्या मोडलेल्या हातावर पांघरूण घालायला नाही. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, पण माझं जेवण झाकून ठेवते.

आता मुद्द्याचं. लहानपणापासून मी मागितलं ते तू दिलंस. तुझं पहिलं डुकराचं पिल्लू, तुझी सायकल, तुझ्या मुलीचं नाव ठेवायचा मान. थोरल्या बहिणीला 'नाही' म्हणायचं नसतं, हे तू पाळलंस आणि सगळ्या गावाने तुझं कौतुक केलं. उद्या कोर्टात तुझा वकील एलेनोआला विचारणार आहे, की ती पायरीवरून पडली होती ना. पासेमेताच्या घरी ती छोटीला कुशीत घेऊन बसून असते. तू गुन्हा कबूल केलास तर तिला कोर्टात उभंच राहावं लागणार नाही. म्हणून हे पत्र, हाविली. आज मी पुन्हा मागतेय. उभा राहा आणि सगळ्यांसमोर म्हण, 'ती पडली नाही, मी मारलं.' होईल ती शिक्षा भोग. सुटून आलास की तुझ्या आवडीचा लू, अळूच्या पानांत गुंडाळलेलं मटण, मीच शिजवीन, पण त्याआधी नाही. हे पत्र मी पासेमेताला ईमेलने पाठवतेय, तीच ते छापून तुझ्या हाती देईल. तू वाचून संपवेपर्यंत ती दारात थांबेल. मला उत्तर लिहू नकोस, तिला दे.

तुझीच,
जिला तू आजवर कधी 'नाही' म्हणाला नाहीस ती,
फुसी