बिनखाड्याची फरशी

१४ सप्टेंबर
आले एकदाची केजला. एसटीत खिडकी मिळाली, खोली हवेशीर, आणि शेजारची बबिता पाण्याची कळशी घेऊन दारातच उभी. यंदा लेकरू हवंय, हेही पोरीनं लगेच सांगून टाकलं. काम तर लई मजेचं. परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटांची लांबलचक फरशी, खाली स्प्रिंगा आणि बोल्ट. वरून माणूस चाललं की फरशी थरथरते, आणि त्यावरून हिरवा नाहीतर लाल दिवा लागतो: हिरवा म्हणजे कामावर घ्यायचं, लाल म्हणजे नाही. संगणक वेगळा नाही, फरशीच शिकते. दिवा चुकला की मी बोल्ट सैल करायचे, बरोबर आला की आवळायचे. बिभीषण मुकादमाला ऊसतोडीत एक दिवसही दांडी, म्हणजे खाडा न करणारी माणसं आधीच ओळखून हवीत.

१९ सप्टेंबर
गेल्या हंगामात एकही खाडा नसलेल्या चाळीस बायका मुकादमानं आणल्या, खाडे झालेल्याही चाळीस. दिवसभर चालवल्या. संध्याकाळी फरशी एकदाही चुकली नाही. मी पेढे वाटले.

२६ सप्टेंबर
नव्या बायका आल्या. बबिताला लाल. माझं सिलिंडर एकटीनं उचलणारी पोरगी! मुकादम म्हणाला, स्वप्नाताई, फरशीला कळतंय, तुमी डोकं लावू नका. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे नवऱ्याचंही काम गेलं. बबिता एवढंच विचारत राहिली, मला लाल कावून?

३० सप्टेंबर
बिनखाड्याच्या चाळिसांतल्या चंद्रभागाबाईंनी माझी अक्कलच काढली. म्हणाल्या, आमच्यात एकीची तरी पिशवी शिल्लक हाय का, इचारलंस का? पाळी नको, खाडा नको, म्हणून सगळ्यांनी गर्भपिशव्या काढून टाकलेल्या. फरशी तीच चाल शिकली. शिकवली मी. माझी मलाच शिसारी येतेय.

१ ऑक्टोबर
सगळे बोल्ट सैल केले. आता विसरेल. स्वतः चालून पाहिलं. लाल.

३ ऑक्टोबर
बोल्ट काढले. वायर तोडली. तरी दिवा लागतो — शिकलेलं विटांनीच धरून ठेवलंय. मुकादम लाल बायकांना सांगतोय, दवाखान्यात जाऊन पिशवी काढून या. बबिताच्या हातापाया पडले, जाऊ नको. म्हणाली, काम न्हाई तर लेकरू होऊन तरी त्याला खाऊ काय घालू?

७ ऑक्टोबर
तिच्या दाराला कुलूप. नवरा रस्त्यात भेटला, म्हणतो, काल दवाखान्यात नेलती. मी —

१२ ऑक्टोबर
आली. टाके ओले. मी आडवी आले, मुकादमानं बाजूला सारलं. फरशीवरून चालली. हिरवा. मध्येच बसली, मग —

जीप आणायला गेलेत. तिच्याशेजारी बसून लिहितेय, हात थांबत नाहीत. तिचं लुगडं रक्तानं भिजलंय. नाकाशी बोट धरलं — श्वास लागत नाही. मुकादम दिवा दाखवतोय, म्हणतोय बघा ताई, खाडा न्हाई. बबिता हलत नाही, आणि अजून हिरवाच, अजून हि—