मैत्रिणीचा नंबर

रायपूर, ११ फेब्रुवारी

प्रिय अभिनव,

परवा पंडरीच्या कापडबाजारात साडी घेताना मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चष्म्याचा नंबर घालवायच्या नव्या लेसरमध्ये डोळा कापतच नाहीत असं म्हटलं होतं, पण कापतात. जुन्या पद्धतीत बुबुळावरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलून खाली लेसर चालवायचे. नव्यात बारीकशी चीर देऊन आतला इवलासा तुकडा ओढून काढतात. जखम लहान, डोळा कमी कोरडा पडतो, एवढंच.

मैत्रिणीसाठी ही चौकशी करतेय म्हटलं, तेही खोटं. नंबर माझा आहे, उणे सहा. तुमच्या घरी चष्म्याची मुलगी नको, असा निरोप शामरावकाकांनी स्थळासोबतच आणला होता. म्हणून तुम्ही पाहायला आलात तेव्हा आणि परवाही मी लेन्स लावली होती. आईला म्हटलं, सांगून टाकू. ती म्हणाली, काहून सांगून राहिली पोट्टे, सतराला ऑपरेशन, तेवीसला साखरपुडा, कोणाले समजते?

काल दवाखान्यात डोळ्याचं माप घेतलं. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या पंधरा दिवसांत लेन्स लावली होती का? मी ‘नाही’ लिहिलं. घरी येऊन सूचनांचा कागद नीट वाचला. लेन्सने बुबुळाचा आकार थोडा बदलतो आणि माप चुकतं. लेसर जुना असो की नवा, दिलेल्या मापावरच चालतो. त्याला काय कळणार मी खोटं लिहिलंय.

आमच्या घरात वाचता येतं ते मला एकटीला. बाबा भनपुरीला ट्रकवर माल चढवतात. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या, अख्ख्या पाऱ्याचे, म्हणजे आमच्या वस्तीचे, रेशनचे कागद मीच वाचून दाखवते आणि लोक विश्वासाने मान हलवतात. कालपासून हा सूचनांचा कागद उशीखाली आहे. तो कोणापुढे धरू? आईने विचारलं, काय लिहिलंय त्यात? मी म्हटलं, काही नाही, पथ्यपाणी.

दवाखान्यात खरं सांगितलं की पंधरा दिवस थांबून माप पुन्हा घेतील, म्हणजे साखरपुड्याला माझ्या डोळ्यांवर चष्मा असेल. फोन केला असता, पण तुम्ही घाईने ‘कोई बात नहीं’ म्हणाला असता आणि मी बाकीचं गिळून टाकलं असतं. तुम्ही बोलता हिंदीत, पण मराठी वाचता असं काका म्हणाले, म्हणून लिहिलं. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. नकार असेल तर काकांना सांगा, बाबांना फोन करू नका. तुमचं उत्तर काहीही आलं, किंवा आलंच नाही, तरी शनिवारी, १५ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता मी चष्मा लावून दवाखान्यात जाणार आहे आणि तो ‘नाही’ खोडून ‘हो’ लिहिणार आहे.

अजून तरी तुमचीच,
मंजिरी