तू तीनदा थांब म्हणाली होतीस

प्रिय बारके,

फोन केला तर तू शेजारणीच्या गुडघ्यांपासून पावाच्या भावापर्यंत सगळं बोलशील, आणि मुद्द्याचं निघालं की दारावर कुणीतरी आलंय म्हणून ठेवून देशील. म्हणून लिहिते आहे. तुझ्या लेकीने मला सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, पोर घाबरली आहे. तुझी पाळी जाऊन चार वर्षं झाली, आता दोनदा रक्त दिसलं, डॉक्टरांनी आतून तपासून घ्यायला सांगितलं आणि तू ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकून मोकळी झालीस. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर ते बघावंच लागतं, बाई. बहुतेक वेळा किरकोळ निघतं, पण कधीकधी नाही निघत. पस्तीस वर्षं नर्स होते, एवढं मला कळतं. तू का जात नाहीस तेही कळतं, पण ते मी तुझ्या लेकीला सांगू शकले नाही.

तू सोळाची होतीस, पोहण्याची स्पर्धा होती आणि नेमकी पाळी आली. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे दीडशहाणी. तुला टॅम्पॉन आणून दिला आणि बाथरूमच्या दाराबाहेरून अर्धा तास हुकूम सोडत राहिले. तू आतून रडत सांगत होतीस की पुढे भिंतच लागते, जातच नाही. मी म्हटलं, सगळ्या मुलींना जमतं, तुझेच लाड फार झालेत. तू पाण्यात उतरली नाहीस. ही गोष्ट मी पुढे किती जणींना हसत हसत सांगितली ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तरी लेक वर्षाची झाल्यावर, पुढचं मूल लगेच नको म्हणून, तांबी बसवायला तू माझ्याच दवाखान्यात आलीस. बहीण आहे, सांभाळून घेईल म्हणून आलीस. माझी तिथे ख्याती होती, माझ्या टेबलावरून कुणी तांबीशिवाय परत जात नाही. बाई कण्हायला लागली की मी तिच्या सासूची चौकशी करायची आणि बोलता बोलता काम उरकायची. त्या दिवशी शिकाऊ मुली पायाशी उभ्या होत्या. तू थांब म्हणालीस. तीनदा म्हणालीस. मी तुझा गुडघा दाबून धरला आणि मुलींना सांगितलं, घरचं माणूस जास्त नखरे करतं. त्या हसल्या. दोन मिनिटांत काम झालं, तू कपडे नीट केलेस आणि मला थँक्यू म्हणालीस. तीन महिन्यांनी तू दुसरीकडे जाऊन, भूल घेऊन ती काढून टाकलीस, हे मला आईकडून कळलं. तेव्हा मला तुझाच राग आला होता. त्यानंतर तू कुठल्याही डॉक्टरला हात लावू दिलेला नाहीस.

आता माझं ऐक. वयाने मलाही कोरडेपणा आला, जळजळ इतकी की खुर्चीत धड बसवेना. गेल्या महिन्यात एका डॉक्टरणीकडे गेले, तुझ्या लेकीच्या वयाची असेल. टेबलावर आडवी झाले आणि माझ्या मांड्या आपोआप आवळल्या. अंग सैल सोडा म्हणण्यात जन्म काढलेली मी, मला सैल सोडता येईना. तिने सगळ्यात लहान उपकरण हातात धरून दाखवलं आणि सांगितलं, तुम्ही थांबा म्हणाल तिथे थांबेन. माझी जुनी खोड, परीक्षा घ्यायची, म्हणून लगेच थांबा म्हटलं. तिने हात मागे घेतला, उपकरण ट्रेमध्ये ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिली. बारके, मी तिथेच रडायला लागले. किती सोपं होतं गं ते.

नाव न सांगता तिला तुझं सगळं विचारलं. ती म्हणाली, काही जणींचे तिथले स्नायू आपोआप आवळतात, ते त्यांच्या हातात नसतं. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. बघितल्याशिवाय तुझं तेच आहे असं ती म्हणणार नाही, पण ते लाड नव्हते आणि नखरेही नव्हते. इतकी वर्षं संसारात तू काय सोसलं असशील ते विचारायचा हक्क मला नाही.

माफी मागतेच आहे, पण ती द्यायची घाई नाही. तपासणीची आहे. मंगळवारी साडेतीनची वेळ तिच्याकडे घेतली आहे. पहिल्या दिवशी नुसतं बोललीस तरी चालेल, आणि अगदीच सहन होणार नसेल तर भूल देऊनही तपासता येतं. लेकीला बरोबर घे. तिथे माझं नाव काढू नकोस, नर्सची बहीण म्हटलं की सगळे उरकायच्या मागे लागतात. मी येणार नाही. तू टेबलावर असशील तेव्हा मी त्या इमारतीतसुद्धा नसेन, एवढं तुला पक्कं ठाऊक असावं म्हणून हे पत्र.

तुझीच,
ताई