तीनशे पायऱ्या

भाऊजी,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अगं, तुझ्या ताईने त्या ग्रीसच्या बेटाचं सगळं आयतं लिहून ठेवलंय. आता आम्ही दोघं जातोय, तर ती वही तेवढी पाठव." ताई वारली त्याला अजून वर्षही झालं नाही, आणि तुमच्या 'आम्ही दोघं'मध्ये दुसरी कुणी आली. मी "पाठवते" एवढंच म्हणाले.

तिच्या कपड्यांबरोबर मी ती वही आणली होती. सहा वर्षं तुम्ही "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिलात आणि ती तारखा पुसून नव्या घालत राहिली. म्हणून तर तिने सगळं पेन्सिलने लिहिलं.

तिला टेकडीच्या टोकावरचं घर हवं होतं. त्यापुढे फुली मारून तिने शेजारी लिहिलं, "तीनशे पायऱ्या. ह्यांचे गुडघे." लहान होडीपुढेही फुली, "ह्यांना बोट लागते." मग तिने बंदराजवळची खोली आणि मोठं जहाज लिहिलं.

काल मी खोडरबर घेऊन बसले. फुल्या पुसल्या, तुमचे गुडघे पुसले, बोट लागणं पुसलं. बंदराजवळची खोली आणि जहाजही पुसलं. माझा एक शब्दही त्यात घातला नाही. आता वहीत फक्त ताईला हवं होतं तेवढंच आहे.

वही उद्या निघेल, हे पत्र माझ्याकडे राहील. दीडशेव्या पायरीवर गुडघे धरून बसाल, तेव्हा तुम्हाला ताईची आठवण येईल. मला तेवढंच हवं आहे.

तिची धाकटी बहीण