कानाचा शिक्का

प्रिय बारक्या,

परवा दवाखान्यात तुझ्या खाटेशी दीड तास बसलो आणि बोललो काय, तर संत्री गोड निघाली का आणि खिडकीतून ऊन फार येतं का. जिथे तुझा डावा पाय असायचा तिथे चादर सपाट होती, म्हणून मी सगळा वेळ खिडकीकडे बघत होतो. तू हसलास. म्हणालास, दादा, तू इतका गप्प म्हणजे नक्की कुणीतरी वारलंय. कुणी वारलेलं नाही रे. तोंडाने जमेना म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेले. लागलं नाही तर तुझ्या बायकोकडून, माझ्या भावजयीकडून वाचून घे, तिनेही ऐकलेलं बरं. गुरुवारी कारखान्याचे लोक तुझ्याकडे कागद घेऊन येणार आहेत. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

कारखान्याला चाळीस वर्षं होताहेत म्हणून नवे मालक पुस्तक काढताहेत, गुळगुळीत कागदावर. इतिहास मी सांगायचा. एक मुलगी रेकॉर्डर घेऊन येते. पहिल्या दिवशी विचारलं, सर, सुरुवात कशातून झाली? मी म्हटलं, भंगारातून. तर म्हणाली, भंगार नको, आपण ‘जुने सुटे भाग’ लिहू. लिही म्हटलं बाई. मग मी तिला आपली पहिली विंच सांगितली. मोडीतल्या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल, त्याला तेलाच्या पिंपाचा ड्रम, त्यावर गुंडाळलेली तार. उतारावरचा ओंडका वर ओढायचा म्हणून आपण ती लावली, आणि ओंडका राहिला जागेवर, मशीनच सरपटत ओंडक्याकडे निघालं. तू वीस वर्षांचा. पोट धरून हसत होतास आणि मी तुझ्यावर पाना फेकला होता. ती मुलगी म्हणाली, हे पुस्तकात कसं घालणार? पुस्तकात काय जाणार आहे ते मला कळलंय. ओंडके उचलणारा पंजा जाईल, त्याचा रंगीत फोटो आहे. साल सोलायचं मशीन जाईल, पण पहिले दोन महिने ते साल ठेवून लाकूडच सोलत होतं, हे जाणार नाही. आणि तू जाणार नाहीस. मी तिला तीनदा सांगितलं की मी मशीन बनवायचो आणि माझा भाऊ ते डोंगरावर नेऊन मोडायचा, आणि मोडून आल्यावर जे सांगायचा त्यातून पुढचं मशीन व्हायचं. तुला फार बोलायची सवयच नव्हती. एक तर म्हणायचास, दादा, चालेल. नाहीतर म्हणायचास, दादा, हे माणूस मारेल. भागीदार हो म्हणून मी किती मागे लागलो. तुझं एकच, मला खुर्चीत बसवलंस तर मी झोपेन, आणि झोपलो तर घोरेन. राहिलास जंगलातच, साठी आली तरी.

कानाचं मात्र पुस्तकात भरपूर येणार आहे. त्यावर अख्खं एक पान आहे, माझ्या फोटोसकट. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा सातवीत सुटली, मोजायची यंत्रं घ्यायची ऐपत नव्हती, मग देवाने फुकट दिलं होतं ते वापरलं. गिअरचा एक दात घासला तरी मला कळायचं. म्हाताऱ्या टर्नरने एकदा टोमणा म्हणून पोलादाचा छोटा ठसा घडवला, कानाच्या आकाराचा. म्हणाला, मालक, पास केलंत की हा ठोका, म्हणजे सही करायचे कष्ट नकोत. मशीनच्या पाटीवर ठोकायला लागलो. पाच वर्षांत गिऱ्हाईक मशीनची किंमत विचारायच्या आधी पाटीवर हात फिरवून कान आहे का ते बघायला लागलं. कारखाना विकला तेव्हा करारात कलमच घातलं त्यांनी: ठसा आणि म्हातारा मालक, दोन्ही जागेवर राहतील. दहा लाखाचं तपासणीचं यंत्र घेणं त्यांना अवघड नव्हतं. पण कान फुकट पडत होता, आणि त्या कानाची मलाही मिजास होती.

आता ऐक. दोन वर्षांपूर्वी तुझी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, फ्रिजचं दार उघडं राहिलंय, केव्हाचा बोंबलतोय तो, कानात बोळे घातलेत का? मी फ्रिजपुढे उभा होतो, बारक्या. हाताच्या अंतरावर. मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी दार लावलं आणि म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. त्यानंतर घरात कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरीणबाईकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मी दाबत होतो, मग बराच वेळ दाबायला काही आलंच नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं तिचं. बाहेर आल्यावर तिने कागद दाखवला, त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ आणि मग कडा तुटल्यासारखी खाली. म्हणाली, काका, माणसांचं बोलणं तुम्हाला छान कळेल, पण वरचे बारीक आवाज गेले, चाळीस वर्षं घणाजवळ काढलीत त्याचं हे. बेअरिंग बिघडायला लागलं की पहिल्यांदा जे रडतं, ते त्याच बारीक सुरात. हे तिला माहीत नव्हतं. मला होतं. कागदाची घडी करून मी टेबलाच्या खणात घातली आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन दोन मशीनं पास केली. का, म्हणून विचारशील. मीही रोज विचारतो. मला वाटलं, हात सांगेल, अनुभव सांगेल. खरं म्हणजे पेचकस खाली ठेवला असता तर मी तिथे कोण उरलो असतो, एवढंच वाटलं.

सहा महिन्यांपूर्वी तुझं ओंडके ओढायचं मशीन न्यायला तू स्वतः आला होतास, ते आठव. मी कान लावणार म्हटल्यावर नेहमीसारखा कॉम्प्रेसर बंद केला, सगळे हात थांबले. नवीन आलेली ती चष्मेवाली इंजिनीअर माझ्या उजव्या हाताला होती. मी डोळे मिटले. आत इतकं स्वच्छ, इतकं शांत लागलं की मी खूश झालो. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, सर, काहीतरी किणकिणतंय का? आणि मी डोळे न उघडता म्हटलं, ते तुझ्या कमरेच्या किल्ल्या असतील पोरी. सगळी शेड हसली. तू सर्वांत मोठ्याने हसलास. तिने किल्ल्या मुठीत धरल्या, बिचारीने, आणि मी ठसा ठोकला. चार महिन्यांनी त्याच ड्रमचं बेअरिंग फुटलं, ड्रम तिरका झाला, ब्रेकचा पट्टा निसटला. दीड टनाचा ओंडका उतारावर मोकळा सुटला. तारेने ओढलेलं मशीन तुझा पाय चिरडत त्याच्यामागे दरीत गेलं आणि त्याचा एक तुकडाही ओळखता येईल असा राहिला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मला माहीत आहे, जसं पूर्वी माहीत असायचं तसं.

आणि चौकशीत निघालं काय, तर ऑपरेटरने, म्हणजे तू, ब्रेक ओढायला उशीर केला. का? तर मशीनवर कान होता. कानाचं मशीन चुकत नाही, मग चुकला असेल तो माणूस. मी गेलो की रे सांगायला. चौकशी अधिकाऱ्यापुढे तो कानाचा कागद ठेवला, म्हटलं, साहेब, मी बहिरा आहे. त्याने पेन खाली ठेवला आणि म्हणाला, असा भाऊ सगळ्यांना मिळो. मी म्हटलं, अहो, भाऊ बाजूला ठेवा. तेवढ्यात मागे दाराशी मॅनेजर शिपायाला हलक्या आवाजात म्हणाला, म्हाताऱ्याला चहा दे रे, खचलाय. मी मागे वळून म्हणालो, मला चहा नको. झालं! दोघं एकमेकांकडे बघून हसले. म्हणे, बहिरा माणूस! चष्मेवालीकडे गेलो. म्हटलं, तू ऐकलं होतंस ना? ती रडायलाच लागली. म्हणाली, सर, तुम्ही नाही म्हणालात म्हणजे मला भास झाला असेल. फिटरला विचारलं, तो म्हणतो, मालक, तुम्ही दोन दिवस झोपा काढा. वकिलाने तर पाठीवर हात ठेवून सांगितलं की रक्ताचं नातं असलं की असं होतं. आयुष्यभर माझ्या शब्दावर लोकांनी यंत्रं घेतली, आणि आता हा एक शब्द कुणी फुकटसुद्धा घेत नाही. भिंतीवर डोकं आपटावं तसं झालंय, आणि भिंत मऊ आहे, सगळे फार प्रेमाने वागताहेत.

आणि तू. भावजय मला बाहेर व्हरांड्यात म्हणाली, दादा, हे रोज म्हणतात की माझंच लक्ष हललं असणार, दादाने ऐकून दिलेलं मशीन होतं.

म्हणून हे पत्र. गुरुवारच्या कागदावर लिहिलंय की चूक तुझी होती. त्यावर सही केलीस की कृत्रिम पाय मिळेल, घरबसल्या पगार मिळेल आणि फाईल बंद होईल. त्याच लॉटच्या बेअरिंगची नऊ मशीनं आज डोंगरांवर ओंडके ओढताहेत, नऊच्या नऊंवर माझा कान आहे, आणि फाईल बंद झाली की ती थांबवणारं कुणी नाही. मला थांबवता येत नाहीत. मी सगळी दारं वाजवून आलोय. सही करू नकोस, बारक्या. डॉक्टरीणबाईचा कागद सोबत जोडलाय, तारीख बघ, तुझ्या मशीनच्या दीड वर्ष आधीची आहे. तुझा हात त्या दिवशी चुकला नव्हता, कधीच चुकला नव्हता, तुझ्या ब्रेकला धरायला काही उरलंच नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवलास म्हणून तुझा पाय गेला, आणि आज मी तुला पुन्हा तेच मागतोय, की माझ्यावर विश्वास ठेव. दुसरं माझ्याकडे द्यायला काहीच नाही. तूही हे वाचून म्हणशील, दादा वेडा आहे, मला वाचवायला काहीही लिहील. म्हणू नकोस रे. एवढं एकदा म्हणू नकोस.

तुझाच,
दादा