बंद पवनचक्कीच्या पोटात

मंगळवार, ४ मार्च

टेकडीवरच्या बंद पवनचक्कीचं काम मला मिळालं! तंत्रशाळेच्या मुख्याध्यापकांचा दुकानात फोन आला. सोमवारी क्रेन येणार, चक्की भंगारात जाणार. त्याआधी वर चढून बघा, ठेवण्यासारखं काही असलं तर अहवाल द्या — म्हणाले. मी हो म्हणून टाकलं आणि मग स्टुलावर बसले.

एकोणपन्नास वर्षं उभी आहे ती. फिरली मात्र जेमतेम सव्वा वर्ष. या भागातली पहिलीच, शाळेच्या वर्कशॉपमध्येच घडवलेली. तिच्या डायनॅमोचं वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेढे, बाबांनी भरलेले. 'वाइंडिंग जळलं म्हणून चक्की बंद पडली' — हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय. विजेच्या मोटारींत अशीच तार भरायचं बाबांचं दुकान आता मी चालवते, तरी एखादं म्हातारं गिऱ्हाईक अजून विचारतंच, "चक्की जाळली ते तुमचेच वडील ना?"

बाबांना सांगायला तोंड उघडलं नाही.

बुधवार, ५ मार्च

सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "शिडी गंजली असेल. नको जाऊस." पान उलटलं. विषय संपला.

माझा नाही संपला.

गुरुवार, ६ मार्च

चढले!

बरोबर खारूताई. उंचावर जाहिरातींचे बोर्ड लावायचा धंदा तिचा. वरच बसून डबा खाते, म्हणून हे नाव. तिने दोर बांधले, एकेक पायरी हातोडीने ठोकून पाहिली, मग मला वर घेतलं. साठ पायऱ्या. चाळिसाव्या पायरीवर मी खाली बघितलं.

"खाली नको बघू. माझ्या बुटाकडे बघ," ती वरून म्हणाली. "फाटलाय. तेवढाच विरंगुळा."

वर पत्र्याची खोली. दोघी गुडघे पोटाशी घेऊन कशाबशा मावलो. आत पिसं, काटक्या, पक्ष्यांनी वर्षानुवर्षं रचलेला ढीग. ओंजळी भरभरून उपसला. त्याखाली गिअरची पेटी, जाडजूड दांडा आणि शेवटी डायनॅमो. एक बोल्टसुद्धा कोणी हलवलेला नाही! बाहेर लाकडी पाती, कडांना हाताने ठोकून बसवलेला पत्रा. मी सारखी हात फिरवत होते. खारूताई म्हणाली, "लग्नात नवऱ्याकडे तरी असं बघितलं होतंस का?"

अंग ठणकतंय. झोप येईल असं वाटत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

वारा फार. चढता आलं नाही. दिवसभर मिक्सरच्या मोटारी भरल्या. एक उलटी भरली, सगळी सोडवून पुन्हा भरली.

शनिवार, ८ मार्च

डायनॅमो उघडला. झाकणाचा शेवटचा बोल्ट सुटताना मी डोळे मिटले होते. काळं, करपलेलं काहीतरी दिसणार म्हणून.

नाही! तार जशीच्या तशी. एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. वॉर्निशला मधाचा रंग. डाग नाही, जळका वास नाही. मीटर लावला, तार कुठे तुटलेली नाही. मग दांड्यापासून डायनॅमो मोकळा केला आणि हाताने जोरात फिरवला. भुंग्यासारखा घुमला — आणि मीटरचा काटा हलला! इतक्या वर्षांनी! "अगं, जिवंत आहे हा!" मी ओरडले. खारूताईने माझा दोर आणखी घट्ट धरला.

मग चक्की थांबली कशाने? मुख्य दांडा तसूभर हलेना. पुढच्या बेअरिंगचं झाकण काढलं. ग्रीसची वाटी कोरडी ठणठणीत. पोलाद तापून निळं पडलेलं, आतल्या गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. साधं ग्रीस कोणी भरलं नाही, म्हणून दांडा जाम झाला. आणि नाव बाबांचं झालं!

मुख्याध्यापक खूश. डायनॅमो आणि पाती शाळेत ठेवणार. म्हणाले, "चूक कोणाची तेही अहवालात येऊ द्या. एकदाचं मिटवून टाकू."

मिटवतेच. अहवाल लिहून काढला. 'वाइंडिंग निर्दोष' याच्याखाली दोन रेघा मारल्या. उद्या बाबांना वाचून दाखवणार. त्यांचा चेहरा कधी बघते असं झालंय!

रविवार, ९ मार्च

वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा काढून ठेवला. "मला माहीत आहे. वाइंडिंग जळलं ही आवई मीच उठवली."

मग सगळं सांगितलं. ग्रीस भरायचं काम आईकडे होतं. आई त्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होती, एवढंच मला माहीत होतं. तिला सातवा महिना होता — मी पोटात. साठ पायऱ्या चढवत नव्हत्या. सांगितलं असतं तर कामावरून काढलं असतं, म्हणून कोणालाच बोलली नाही.

"तिला खरं सांगायचं होतं," बाबा म्हणाले. "जाईपर्यंत म्हणत होती. मीच सांगू दिलं नाही. आता तू लिही. नावासकट लिही. सुटू दे तिला."

लिहिलं. आधी सातवा महिना, मग नाव.