फिरंगी पंतोजीची पगडी

आश्विन शुद्ध १, शके १७०७. पुणे

पहिल्याच दिवशी हसं झालं!

अंगात माझा सगळ्यात चांगला कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, गोव्याहून निघताना घेतलेला कातडी पट्टा. सरदार गोपाळकृष्णपंत बैठकीवर आले. मी आमच्या रीतीनं टोपी काढली आणि वाकलो. मुख्य कारकून श्रीधरपंत म्हणाले, "अहो पंतोजी, घरचं कुणी गेलं का आपल्या?"

उघडं डोकं म्हणजे इथे सुतक!

जोडे बाहेर काढले होते, पण पट्टा राहिला. "कमरेला मेलेलं जनावर बांधून बैठकीवर बसायचा विचार आहे?" पुन्हा श्रीधरपंत. पट्टा सोडला. विजार घसरायला लागली. एका हातानं ती धरून दुसऱ्या हातानं मुजरा केला. सगळे हसले. सरदारसुद्धा.

काम साधं आहे. फडावरच्या कारकुनांना पोर्तुगीज शिकवायचं, म्हणजे गोव्याचे कागद त्यांना स्वतः वाचता येतील. रोजनिशी मात्र मराठीतच लिहीन. सवय व्हायला हवी.

शुद्ध ३

राहायला रविवार पेठेत, सिराजभाईंच्या माडीवर. ते पगडबंद — अख्ख्या पेठेच्या पगड्या बांधून देतात. माझी विजार बघून त्यांच्या बायकोनं, रशीदाबींनी, तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी सैल अंगरखा, पायजमा, कापडी कमरबंद तयार! डोक्याला सिराजभाईंनी साधा पांढरा फेटा बांधला.

"हा कुणाचा?" मी विचारलं. कोण कुठल्या जातीचा, ते इथे डोक्यावरूनच ओळखतात.

"कुणाचाच नाही. म्हणून तुमचा."

शुद्ध ६

श्रीधरपंतांची जीभ वळत नाही. आज सरदार स्वतः धडा ऐकायला बसले होते. मी श्रीधरपंतांचा उच्चार सुधारला. पुन्हा चुकले. पुन्हा सुधारला. सरदार म्हणाले, "श्रीधरपंत, धुळाक्षरांपासून सुरुवात करा आता!" — आणि मी हसलो. हसायला नको होतं. कान लाल झाले त्यांचे.

शुद्ध ९

श्रीधरपंत एकाएकी गोड! धडा संपल्यावर मला जिन्यापाशी गाठलं. आसपास कुणी नव्हतं. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. "सरकारांकडून आपल्याला. उद्या दसऱ्याला हीच घालून या."

घरी येऊन सोडलं. चक्री पगडी. लाल, घट्ट, सुरेख बांधणीची. सिराजभाईंचे हात थांबले.

"ही ब्राह्मणी पगडी आहे, मिंगेलजी. घालू नका."

"सरकारांनी दिलीय."

"हातात कुणी दिली?"

"श्रीधरपंतांनी."

"मग सरकारांनी नाही दिली."

खाली गेले ते. मी पगडी डोक्यावर ठेवून आरशात पाहिलं. छान दिसत होतो. या माणसाला कोण हसेल? घालणार!

शुद्ध ११

वाड्यापर्यंत पोचलोच नाही. वाटेत शिपायांनी अडवलं. "किरिस्ताव आणि चक्री पगडी?" एकानं काठीनं पगडी उडवली, दुसऱ्यानं पायाखाली घेतली. दसऱ्याची गर्दी. टाळ्या वाजवत होते लोक. दिवस आणि रात्र चावडीच्या कोठडीत.

सकाळी श्रीधरपंत आले. धुतलेलं उपरणं, कपाळी गंध.

"मी दिली म्हणून सांगणार असाल तर सांगा. साक्षीला कोण आहे? माझा शब्द आणि आपला शब्द, दोन्ही तोलून बघतील. पण पगडी आपोआप तर डोक्यावर चढत नाही. कुणीतरी बांधली असेल... आपण पगडबंदाकडेच राहता ना?"

एवढं बोलून गेले.

मला बाहेर नेलं. पगडी कुणी बांधली, ते विचारलं. मी म्हणालो — सिराज.

लगेच सोडलं मला!

शुद्ध १२

मी धडा देत होतो तेव्हा ढोल वाजला. "चला, धिंड बघू," श्रीधरपंत म्हणाले. सगळे उठले. मीही उठलो. त्यांच्याबरोबर वाड्याच्या दिंडी दरवाजात उभा राहिलो.

सिराजभाईंना गाढवावर उलटं बसवलं होतं. डोक्याचे केस भादरलेले. पाठीवर कोरड्यांचे वळ, काही फुटलेले. गळ्यात चिंध्यांची माळ. पुढे एकजण ओरडत होता — यापुढे यानं कुणाचीही पगडी बांधायची नाही. म्हणजे धंदा बुडाला. खायचं काय त्यांनी?

सिराजभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सरदारांनी मला हुकूम दिला: यापुढे डोक्यावर पिवळी टोपी. "लांबून कळली पाहिजे!" मी मुजरा केला. तो आता नीट जमतो.

शुद्ध १४

सिराजभाई पालथे पडून असतात. रशीदाबी पाठीला हळद लावतात. मला ताट वाढलं. मी ते बाजूला सारलं.

"जेवा ना. तुमची काय चूक? मेल्यांनी कुठून नाव काढलं यांचं, कुणास ठाऊक."

सांगायचं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात सिराजभाई पडल्या पडल्या म्हणाले, "जेवू दे त्यांना. कामाला उशीर होतो."

आणि मी जेवलो!

पौर्णिमा

आज धडा चालू असताना श्रीधरपंत बोरू खाली ठेवून म्हणाले, "आपल्याला सांगायचं राहिलंच. तुमचा सिराज त्या दिवशी पहाटेच चावडीवर येऊन बसला होता. 'परका माणूस, त्याला काय कळतंय, मीच चढवली त्याच्या डोक्यावर' म्हणाला. सगळं खोटं! आपल्याला सोडायचा हुकूम तेव्हाच झाला होता. विचारलं ते उगीच, गंमत म्हणून. आपला जबाब त्याला फटक्यांच्या आधी वाचून दाखवला."

मी नाव घेतलं, ते सिराजभाईंना ठाऊक आहे. पहिल्यापासून.

खालून सिराजभाईच हाक मारतायत. जेवायला.